वापसा नसलेल्या रानात

मलाकालची माती काळी आहे. दक्षिण सुदानच्या उत्तर भागात, पांढऱ्या नाईलच्या काठावर हे गाव आहे. उन्हाळ्यात तिथल्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस झाला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि सगळीकडे चिकट राडा होतो. परभणी-हिंगोलीच्या माणसाला ही माती कुणी समजावून सांगायला नको. पाऊसही जवळपास आपल्याएवढाच, वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर. फरक आहे तो उताराचा. मराठवाड्यात पडलेलं पाणी ओढ्यांनी पूर्णेला, दुधनेला, मांजरेला जातं आणि तिथून गोदावरीला. तिकडची जमीन इतकी सपाट की पाणी महिनोन्‌महिने उभं राहतं. आपण पाणी अडवायला बांध घालतो, तिकडे छावणीत पाणी शिरू नये म्हणून बांध घालावे लागतात.

या मातीवर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय पलटणी वर्षा-वर्षाच्या पाळीने उभ्या आहेत. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. आदल्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९६ क्रमांकाच्या ठरावाने तिथलं मिशन उभं केलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई प्रांतात ताफ्यावर हल्ला होऊन पाच भारतीय सैनिक पडले, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबोच्या तळावर, आसऱ्याला आलेल्या लोकांना वाचवताना आणखी दोघे. मिशनवरच्या प्रत्येक जवानाला या दोन तारखा माहीत असतात.

गावात मात्र 'पोरगं यूएनला गेलं' म्हटलं की दोनच गोष्टी बोलल्या जातात, गोळीबार आणि डॉलर. डॉलरचं आधी सांगून टाकतो. संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे दर महिन्याला जी रक्कम देतात (२०१८ पासून ती १,४२८ डॉलर होती) ती आपल्या सरकारला मिळते. जवानाला मिळणारा परदेश भत्ता आपलं सरकार ठरवतं. मिशनकडून थेट त्याच्या हातात येतो तो रोजचा १.२८ डॉलरचा किरकोळ भत्ता. त्यामुळे परत आलेल्याकडे बघून पाहुणे-रावळे जो हिशेब मांडतात, तो बहुतेक वेळा चुकलेला असतो. आणि गोळीबार? तो होतो तेव्हा सगळं बदलून टाकतो, पण दिवसाचे चोवीस तास भरून काढणारी कामं वेगळीच आहेत. पाणी, चाकं, कातडी आणि सबुरी यांची देखभाल. माझ्या मते तिथलं खरं सैनिकी काम हेच आहे, आणि गावात त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे सूर्य बारा महिने सहाच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्याच आगेमागे मावळतो. हल्ला होण्याचा धोका या दोन संधिकाळांत जास्त, म्हणून पहाटे सव्वापाच-साडेपाचला स्टँड-टू असतो. हेल्मेट आणि जाकीट चढवून प्रत्येक जण आपल्या मोर्च्यात. उजेड नीट झाला की स्टँड-डाऊन, मग दाढी, पीटी, नाश्ता आणि हत्यारसफाई. मोर्च्यांच्या भिंती हेस्कोच्या, म्हणजे तारेची जाळी, आत जाड कापड आणि त्यात ठासून भरलेली माती. ही माती काळी असेल तर उन्हाळ्यात ती आकसते, भिंतीत पोकळी पडते आणि वरचा थर खचतो. पावसाळ्यात फुगून जाळीला पोट येतं. म्हणून कुठली भिंत किती बसली हे दर पंधरवड्याला पाहावं लागतं. मुरूम-खडी मिळाली तर भराव टिकतो, पण ती लांबून आणावी लागते.

जनरेटर रात्रंदिवस चालू असतो. बहुतेक डिझेल जनरेटरचं तेल अडीचशे तासांनी बदलावं लागतं. गावाकडे भारनियमनात चालणाऱ्या जनरेटरला अडीचशे तास भरायला कित्येक महिने लागतात, इथे साडेदहा दिवसांत भरतात. कोरड्या दिवसांत धूळ इतकी बारीक उडते की एअर फिल्टर रोज झटकावा लागतो. फिल्टर चोंदला की इंजिन काळा धूर सोडतं, ताकद जाते, आणि ती नेमकी चिखलात हवी असते तेव्हा मिळत नाही. दर तीन महिन्यांनी मिशनचे लोक प्रत्येक गाडी, जनरेटर, तंबू मोजायला येतात. एखाद्या प्रकारातल्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी गाड्या चालू स्थितीत असतील, तर त्या प्रकारासाठी आपल्या सरकारला मिळणारं भाडं कापलं जातं. म्हणून ईएमईच्या, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेच्या, फिटरला तिथे जो मान आहे तो इथे फार थोड्यांना ठाऊक असतो.

आता पाणी. नदीचं पाणी गढूळ असतं. पावसाळ्यात तर हातात धरलेल्या पेल्याचा तळ दिसत नाही. ते आधी तुरटीने निवळतात, मग गाळतात, यंत्रातून शुद्ध करतात आणि शेवटी क्लोरीन घालतात. पिण्यासाठी माणशी दिवसाला साडेचार लिटर हा किमान हिशेब, पण चाळीस अंशांत जाकीट घालून गस्त घालणाऱ्याला तेवढं पुरत नाही. क्लोरीन किती घालायचं हे अंदाजाने ठरवत नाहीत. फौजेत त्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. जुनी रीत आहे, पण अजून शिकवली जाते, आणि आपल्या गावातल्या टँकरलाही ती तशीच लागू पडते, म्हणून सविस्तर सांगतो.

पेटीत सहा पांढरे पेले असतात, आतून खूण असलेला एक काळा पेला, दोन ग्रॅमचे दोन चमचे, थेंब टाकायची नळी आणि स्टार्च-आयोडाइडची बाटली. काळ्या पेल्यात सपाट एक चमचा ब्लीचिंग पावडर घ्यायची, थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची आणि खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायचं. गाळ बसू द्यायचा. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी काठाच्या बोटभर खाली राहील इतकं भरायचं. वरचं निवळ द्रावण पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. प्रत्येक पेला ढवळून अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास चुकवला की सगळी तपासणी फुकट, कारण क्लोरीनला जंतू आणि घाण यांच्यावर काम करायला तेवढा वेळ लागतो. मग प्रत्येकात तीन थेंब स्टार्च-आयोडाइड. ज्या पेल्यात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल, त्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे. तिसऱ्यात निळा आला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम. पाच हजार लिटरच्या टाकीला साधारण ६६ ग्रॅम. चुकतं कुठे? बहुधा पावडर जुनी असते. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली की ब्लीचिंगचा जोर उतरतो. अशा वेळी एकाही पेल्यात निळा येत नाही आणि नवखा माणूस पाण्यालाच दोष देतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली पोरं आता भरतीच्या वयाची झाली, काही वर्दीत आहेत. पाणी मोजून वापरण्याचा आदेश त्यांना दोनदा द्यावा लागत नाही. हे कौतुकाने म्हणावं की दुःखाने, मला ठरवता येत नाही. पण पलटणीला त्याचा उपयोग होतो एवढं खरं.

जेवणाचा माल मिशनचा ठेकेदार पुरवतो. माणशी साडेचार हजार कॅलरींचा हिशेब धरून पलटण आपली मागणी आठवड्यांच्या आधी नोंदवते. गोठवलेलं मांस उणे १८ अंशांवर राहिलं की नाही याची नोंद लंगरच्या कंटेनरवर ठेवली जाते. मधे वीज गेली आणि माल सुटून पुन्हा गोठला तर तो फेकायचाच, कितीही जीव तुटला तरी. डाळ, भात, चपाती, कोंबडी मिळते. भाकरी मिळत नाही. कुंपणाबाहेर ज्वारी उभी असते आणि आत गव्हाचं पीठ मळलं जात असतं.

ज्वारीचं मूळ घर त्याच मुलखाच्या अंगाला आहे. पूर्व सुदानमध्ये कसलाजवळ मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर लागवडीच्या ज्वारीचे ठसे सापडले, ते पाच हजार वर्षांपूर्वीचे. तिथून ती फिरत फिरत आपल्याकडे आली आणि मालदांडी होऊन आपल्या रब्बीत रुजली. तिकडचे लोक तिला दुरा म्हणतात, पीठ आंबवून तव्यावर पातळ किस्रा घालतात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आंबिलासाठी ज्वारीचं पीठ आंबवणाऱ्या लातूर-धाराशिवच्या घरातल्या मुलाला त्या वासाची ओळख पटायला वेळ लागत नाही.

गस्तीचे प्रकार तीन. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची छोटी, चार-सहा दिवस मुक्कामाची लांब, आणि जिथे रस्ताच उरलेला नाही तिथे हेलिकॉप्टरने. लांब गस्तीची तयारी आदल्या दिवशी दुपारपासून चालते. जाण्या-येण्याचं डिझेल, वर निम्मं जादा. पाणी, तयार जेवणाची पाकिटं, दोन वेगवेगळे रेडिओ, कारण अंतर वाढलं की एक गप्प होतो. दोन स्पेअर टायर, विंच (रुतलेली गाडी तारेने ओढायचं यंत्र), शॅकल (तार अडकवायची कडी), फळ्या, फावडी. प्रत्येकाचं टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, छातीवर एकाच ठरलेल्या जागी. कारण जखमीला आपलं स्वतःचं टूर्निके बांधता येईलच असं नाही आणि दुसऱ्याला ते अंधारात चाचपून सापडलं पाहिजे. जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि बांधल्याची वेळ लिहायची. मिशनचा नियम दहा मिनिटं, एक तास, दोन तास असा आहे. दहा मिनिटांत रक्त थांबवणं, तासाभरात प्रशिक्षित वैद्यकीय मदत, दोन तासांत शस्त्रक्रियेचं टेबल. चिखलात अडकलेली गाडी या तिन्ही आकड्यांना खोटं पाडू शकते. म्हणून रस्त्याची पारख हे तिथे जिवाचं काम आहे.

शेतकऱ्याच्या मुलाचा इथे कस लागतो. पाऊस उघडून ऊन पडलं, वरून वाट सुकलेली दिसते, पण आत ओल आहे आणि वापसा आलेला नाही, हे तो मूठभर माती दाबून सांगतो. गोळा फुटला नाही, बोटांना चिकटून राहिला, तर ट्रक घालायचा नाही. काळ्या मातीत पहिल्या शंभर पावलांत टायरची खाच भरून जाते आणि चाक गुळगुळीत होतं. मग ड्रायव्हर घाबरून रेस देतो आणि चाक जागच्या जागी फिरून एक्सलपर्यंत खड्डा खणतं. करायचं उलट आहे. फोर-बाय-फोर आधीच लावायचं, गिअर खालचा, गती एकसारखी, मधे थांबायचं नाही. रुतलंच तर रेस सोडायची, टायरमधली हवा कमी करायची म्हणजे ठसा रुंद होतो, चाकापुढची माती खणून फळी सारायची, आणि मगच विंच. ताणलेल्या तारेवर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटली तर उसळत नाही. आणि तारेच्या लांबीएवढ्या अंतरात कुणी उभं राहायचं नाही. कडक जमिनीवर आल्या आल्या हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायरची बाजू फाटते. बीएमपी या चिलखती गाडीचं वजन १४ टनांच्या वर असलं तरी पट्ट्यांमुळे ती ट्रकपेक्षा सहज जाते. मात्र चाकांच्या मधे माती ठासली की वळणावर पट्टा उतरतो, आणि तो चढवायला चार माणसं आणि दोन-तीन तास लागतात.

वाटेत नाका लागतो. दोन खुंट्यांना बांधलेली दोरी, झाडाखाली खाट, आणि कलाश्निकोव्ह घेतलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोर. कागदोपत्री मिशनला देशभर फिरायची मोकळीक आहे. प्रत्यक्षात त्या पोराच्या वरच्याचा वरचा फोनवर सापडेपर्यंत दोरी खाली येत नाही. तीन तास, कधी पाच. गाड्या बंद करून, तोंडं चारी बाजूंना करून बसायचं. उतरलेल्याने हात दिसतील असे ठेवायचे, बंदुकीचं तोंड जमिनीकडे, काळा चष्मा काढायचा. 'मोया' म्हणजे पाणी, हा एक शब्द पुष्कळ कामाला येतो. दोरी तोडून जाण्याएवढी ताकद गस्तीपाशी असते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तरी थांबायचं, कारण उद्या याच वाटेने धान्याचे ट्रक आणि दवाखान्याची गाडी जायची आहे.

प्रत्येकाच्या खिशात बळाच्या वापराचं कार्ड असतं. आधी ओरडून बजावायचं, मग हत्यार दिसेल असं धरायचं, मग इशाऱ्याची फैर, आणि शेवटी नेम धरून, लागेल तेवढाच गोळीबार. पण समोर कुणाचा जीव त्याच क्षणी जात असेल तर या पायऱ्या चढत बसायचं बंधन नाही. मे २०१४ च्या २१५५ क्रमांकाच्या ठरावाने सामान्य लोकांचं रक्षण हे मिशनचं पहिलं काम ठरवलं. गोळी झाडायची की नाही, हा निर्णय घ्यायला कर्नलसाहेब जागेवर नसतात. सेक्शन कमांडर असतो, म्हणजे एखादा तीस वर्षांचा हवालदार. निवांत वेळी या प्रसंगांची तालीम करून घेतात. जमाव आला आणि पुढे बायका आहेत, काय करशील? जखमी मुलाला घेऊन आलेल्या माणसाकडे बंदूक आहे, आत घेशील? दिल्लीतल्या, २००० साली सुरू झालेल्या शांतिसेना प्रशिक्षण केंद्रात निघण्याआधी हे शिकवलेलं असतं, पण ते अंगात मुरतं तिथेच, वारंवार विचारल्याने.

गस्तीचं सगळ्यात मोलाचं काम मात्र नजरेचं आहे, आणि त्यात गुरं वाचता यावी लागतात. डिंका आणि नुएर समाजांत गाय म्हणजे संपत्ती, लग्नातलं देणं, अब्रू, सगळंच. भांडणाची सुरुवात बहुधा गुरं पळवण्यातून होते. बाजाराच्या दिवशी बाजार भरला नाही, बायका-लेकरं गाठोडी घेऊन एकाच दिशेला निघाली, हंगाम नसताना कळप हलवले, गावात नुसती तरणी पोरं उरली, तर काहीतरी होऊ घातलंय. ही नोंद संध्याकाळच्या अहवालात गेली पाहिजे. ज्याने बैलबाजार पाहिलेत त्याला कळपाकडे बघताच कळतं की ही गुरं चरायला निघालीत की पळवून नेली जाताहेत. तोंडाला फेस, मागे पडलेली वासरं, दूध न काढलेल्या ताठ कासेच्या गायी. पलटणीसोबतचे पशुवैद्यक मलाकालच्या परिसरात शिबिरं घेतात, जंताचं औषध देतात, खुरं आणि जखमा बघतात. माझ्या लेखी भारतीय तुकड्यांनी तिथे केलेल्या चांगल्या कामांत हे फार वरचं आहे. गाय बरी झाली की मालक बोलायला लागतो, आणि माणसं बोलायला लागली की वेळेत खबर मिळते.

संध्याकाळी सहाला बाह्या खाली. हा आदेश सगळ्यांना, साहेबांनाही. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची.

घरी फोन करायची वेळ जुळवावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिण सुदानने घड्याळ तासभर मागे घेतलं, तेव्हापासून आपण साडेतीन तास पुढे आहोत. तिकडे रात्रीचं जेवण आटपून साडेआठला फोन लावला तर इकडे मध्यरात्र. म्हणून तिकडचे दुपारी साडेचार, म्हणजे इकडचे रात्री आठ, ही सोयीची वेळ. लांब गस्तीवर गेला की चार-सहा दिवस फोन नाही. काही घटना घडली तर बरेचदा सगळ्यांचेच फोन काही काळ बंद ठेवतात, खरी बातमी घरी पोचण्याआधी अफवा पोचू नये म्हणून. अशा वेळी पलटणीच्या मागे राहिलेल्या तुकडीचा नंबर घरात भिंतीवर लिहिलेला असावा. आणि 'कुठे आहेस, उद्या कुठे जाणार' हे विचारू नये, त्याने पाठवलेला फोटो स्टेटसला टाकू नये. गावातल्या ग्रुपवरून फोटो कुठवर जाईल हे कुणाच्या हातात नसतं.

परतल्यानंतरची एक गोष्ट घरच्यांनीच सांभाळायची आहे. तिकडचा मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, मेंदूवर जाणारा. त्याच्या प्रतिबंधाची गोळी पलटणीचा डॉक्टर ठरवतो. रोजची डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची असेल, तर ती जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. आठवड्याची मेफ्लोक्विन असेल तर काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन बेचैन होतं. ते लपवू नये, गोळी बदलून मिळते. यातली कुठलीही असो, ती जागा सोडल्यावर आणखी चार आठवडे घ्यायची असते. इथेच घात होतो. सुट्टीवर घरी आला, मटणाचं जेवण झालं, सत्कार झाले, गोळ्या बॅगेत राहिल्या. पंधरा-वीस दिवसांनी ताप. तालुक्याच्या डॉक्टरला तो व्हायरल वाटतो, पावसाळा असेल तर डेंगी वाटतो, आणि दोन-तीन मोलाचे दिवस जातात. म्हणून परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगायचं, 'हा आफ्रिकेतून आलाय, फाल्सिपेरमची तपासणी आजच करा.' एकदा तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. आणि जवळच्या लष्करी दवाखान्याला फोन त्याच दिवशी करायचा.